आवाज तीन

"मालकीण स्वतः बोलताय ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू. दुपारचे दोन वाजले होते. तिचे दोन्ही हात लॅपटॉपच्या कीबोर्डवर होते आणि बोटं आपली आपण चालली होती. ही तिची खोडच होती. बावीस वर्षं ती हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून रिपोर्ट टाईप करत आली होती. यंत्रातून कुणी बोलायला लागलं की बोटं सुरू, मग ती हृदयाची तपासणी असो नाहीतर रेडिओवरची साबणाची जाहिरात.

हेल्पलाइनवरची बाई फारच शुद्ध आणि फारच गोड बोलत होती. ती कुठल्या समुद्रापलीकडे बसली होती कोण जाणे. धाकटी काही बोलली की पलीकडे क्षणभर सगळं गप्प व्हायचं आणि मग उत्तर यायचं.

"लॅपटॉपला काय होतंय?"

"तापतो आणि बंद पडतो. चाळीस मिनिटंसुद्धा धड चालत नाही हो. नवाकोरा आहे."

"खरेदी केल्यापासून तुम्हीच वापरताय ना? कुणाला दिला, विकला, असं काही?"

"नाही नाही. घरातच आहे."

"छान. कारण तुम्ही तो परदेशातून सवलतीत मागवलाय. अशा मालाची वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला मिळते. ती दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मालकाबरोबरच संपते."

"कळलं," धाकटी म्हणाली.

तिला ते चांगलंच कळलं होतं. लॅपटॉप ताईच्या नावावर होता, आणि ताईला जाऊन आठ महिने झाले होते.

यात लबाडी म्हणावी तर लबाडी नव्हती. या दोघी बहिणी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून, दोन टेबलांवर एकच काम करायच्या. हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात त्यांना थोरली आणि धाकटी याच नावांनी ओळखत. धाकटीनं पन्नाशी ओलांडली तरी ती आपली धाकटीच. बिलं, फॉर्म, पासवर्ड ही सगळी कटकट ताईकडे असायची. ताई गेल्यावर जुन्या लॅपटॉपनं मान टाकली तेव्हा धाकटीनं ताईच्या वहीतला पासवर्ड बघून परदेशातलं ते दुकान उघडलं. जुन्या ग्राहकांना निम्म्या किमतीत माल होता, आणि जुनी ग्राहक ताई होती. नावाच्या रकान्यात ताईचं नाव आधीच भरलेलं होतं. ते खोडून आपलं घालायचं, एवढंच काम. पण कर्सरची रेघ त्या नावाशेजारी लुकलुकत राहिली आणि धाकटीचा हात काही धजेना. तिनं 'पुढे' दाबलं. खोकं घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, "मॅडम आहेत का घरी?" तेव्हाही ती "आहेत" म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

फोन ठेवल्यावर तिनं पडद्यावर काय उतरलंय ते सहज वाचलं. एकापेक्षा जास्त माणसं बोलत असली की त्यांना आकडे द्यायचे, ही त्यांच्या कामातली पद्धत होती. बोटांनी ती इमानेइतबारे पाळली होती.

आवाज १: मालकीण स्वतः बोलताय ना?
आवाज २: हो.
आवाज ३: पाठ सरळ कर.

धाकटीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच पाठ सरळ केली, कारण ती खरंच वाकून बसली होती. तेवढ्यात लॅपटॉप बंद पडला.

आपल्याच मनातलं उतरलं असेल, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं. पण ते पटेना. तिला काम शिकवलं होतं ताईनं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ऐकू येईल तेवढंच लिहायचं. मनातलं लिहिलंस तर पेशंटच्या जिवाशी खेळ होईल." त्यानंतर बावीस वर्षांत धाकटीच्या बोटांनी पदरचा एक शब्द घातला नव्हता. डॉक्टर चुकले तर तिनं चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती आणि वर बोलणी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार तोंडाळ माणूस. त्यानं यंत्र उलटं केलं, खालच्या स्क्रूवरच्या चंदेरी चिकटपट्टीवर नख ठेवलं आणि थांबला.

"मावशी, बाहेरचा माल दिसतोय."

"हो. स्वस्तात मिळाला."

"ते दिसतंच आहे. आता बघा, हे सील मी फोडलं की वॉरंटी गेली. मग पुढे काही झालं तर माझ्या नावानं खडे फोडाल. आधी त्यांच्याकडून करून घ्या ना. फुकटात होतंय तर सोडताय कशाला? बिल कुणाच्या नावावर आहे?"

"ताईच्या."

"मग त्यांना सांगा फोन करायला. त्या दोन शब्द बोलल्या की झालं काम."

"ती सध्या बोलू शकत नाही," धाकटी म्हणाली.

"घसा बसलाय?" दुकानदारानं आपुलकीनं विचारलं. तिनं मान हलवली. त्यात हो होतं की नाही हे तिलाही सांगता आलं नसतं.

पण दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. रिपोर्ट रोज चारच्या आत पोचावे लागत, आणि गेल्या आठवड्यात तीनदा उशीर झाला होता. नोंदणी विभागाचे साहेब तसे बोलायला मऊ, पण काल तेही म्हणाले होते, "दोघींचं काम एकटीला झेपत नसेल तर तसं सांगा. संकोच करू नका." हा संकोच न करण्याचा सल्ला दुसऱ्यांदा आला की काम गेलंच म्हणायचं. आणि काम गेलं तर दिवसभर त्या खोलीत बसून करायचं काय?

घरी आल्यावर तिनं हेल्पलाइनला पुन्हा फोन लावला.

"माणूस पाठवून यंत्र बदलून देता येईल," गोड आवाज म्हणाला. "त्याआधी ओळख पटवावी लागेल. एक ते दहा आकडे म्हणाल का? सावकाश."

धाकटीनं घसा साफ केला आणि आकडे म्हटले. पलीकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ शांतता होती.

"धन्यवाद. आवाज जुळला."

"कशाशी जुळला?"

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही हेडफोनच्या तक्रारीसाठी फोन केला होता ना, त्या नोंदीशी."

तो फोन ताईनं केला होता. ताईचा आवाज जाड आणि खरखरीत, धाकटीचा बारीक. डॉक्टर विनोदानं म्हणत, एका आईच्या पोटी तबला आणि बासरी जन्मली. दोघींची गल्लत आजवर कुणी केली नव्हती.

"गुरुवारी आमचा माणूस येईल. सही मात्र मालकिणीनं स्वतः करायची," गोड आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला. धाकटीनं भीत भीत पडद्याकडे पाहिलं.

आवाज १: सावकाश.
आवाज २: एक. दोन. तीन. चार.
आवाज ३: पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा.

दहाही आकडे आपण म्हटले, एवढं तिला पक्कं आठवत होतं. ती मागे वळली. ताईचं टेबल तिथंच होतं, खुर्ची आत सारलेली, वर तिनंच अंथरलेलं फडकं. काही हललं नव्हतं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. धाकटीला भीती वाटली हे खरं, आणि त्याहून जास्त आनंद झाला हेही खरं. आठ महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच तिला एकटं वाटलं नाही.

आणखी एकदा फोन करायला काही कारण मिळेल का, याचा ती दिवसभर विचार करत राहिली. संध्याकाळी फोन वाजला, पण तो भाच्याचा होता. ताईचा मुलगा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहणारा, तिशीतला शांत माणूस.

"मावशी, आईच्या मेलवर काहीतरी आलंय," तो म्हणाला. "तिचं मेल माझ्या फोनवर उघडतं, माहितीये ना तुला?"

धाकटीला माहीत नव्हतं. तिचं धाबं दणाणलं.

"काय आलंय?"

"वाचतो. 'आज आपल्याशी बोलून आनंद झाला. आपला आवाज ओळखला गेला आहे. गुरुवारी भेटूच.'" तो थांबला. "खाली आईचं नाव आहे."

"अरे, ते लॅपटॉपचं आहे. वॉरंटीसाठी. मी तिच्या नावानं... चुकलंच माझं."

"अच्छा. म्हणजे तू बोललीस."

"हो. मीच."

तो म्हणाला, "मी बसमध्ये होतो मावशी. वाचलं आणि मला क्षणभर काही सुचेचना. माझा स्टॉप आला नि गेला. उतरायचं लक्षातच राहिलं नाही." आणि मग लहान मुलासारखं विचारावं तसं त्यानं विचारलं, "बरी होती का गं ती?"

पडद्यावरच्या त्या ओळी त्याला वाचून दाखवाव्यात असं एकदा धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण मग तोही हिच्यासारखाच पुढच्या फोनची वाट बघत बसला असता, रोज, बसमध्ये. आणि त्याचे स्टॉप असेच जात राहिले असते. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. नव्या यंत्राच्या लोभापायी आपण मेलेल्या माणसाला कामाला जुंपलं, आणि यंत्राचा लोभ तरी कुठे राहिला होता आता? आपल्याला हवा होता तो आवाज.

"मी बंद करते ते," ती म्हणाली. "उद्याच करते. तुला परत काही यायचं नाही."

बुधवारी सकाळचे रिपोर्ट जेमतेम पाठवून तिनं फोन लावला. डब्याला टेकवला. बोटं कीबोर्डवर ठेवली.

"नमस्कार. आपला आवाज ओळखला गेला आहे," गोड बाई म्हणाली.

"मी अजून बोललेच नाही हो."

नेहमीचा तो गप्प क्षण गेला. "बोललात. नाव सांगितलंत. नोंद दिसतेय माझ्यासमोर."

धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरली. मागे वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि पुन्हा बोटं कीबोर्डवर ठेवली.

"बाई, मला एक सांगायचंय. मी मालकीण नाही. मी तिची धाकटी बहीण. मालकीण..." इतके महिने ती 'ताई नाहीये' असंच म्हणत आली होती, ताई बाजारात गेली असावी तसं. "मालकीण वारली. आठ महिने झाले. मी खोटं बोलले."

मग गोड आवाज म्हणाला, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नियमाप्रमाणे वॉरंटी रद्द होईल आणि उद्या माणूस येणार नाही. मालकिणीची नोंदही मला बंद करावी लागेल. एकदा बंद केली की ती परत उघडत नाही. आवाजाची नोंदसुद्धा पुसली जाते. बंद करू?"

धाकटीचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना, पण बोटांना दिसायची गरज नव्हती.

"करा," ती म्हणाली.

फोन कट झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि वाचलं.

आवाज १: बंद करू?
आवाज ३: कर.
आवाज २: करा.

तिनं एकदा वाचलं. पडदा काळा होईपर्यंत ती त्या तीन ओळींसमोर बसून राहिली. मागची खोली इतकी निःशब्द होती, की ताई गेली त्या दिवशीही ती तशी नव्हती.

दुपारी ती दुरुस्तीच्या दुकानात गेली. "फोडा सील," म्हणाली.

"नक्की? ताईंना विचारलंत?"

"विचारलं."

दुकानदारानं ब्लेडनं चंदेरी पट्टी कापली, झाकण उघडलं आणि जोरात हसला. आतल्या पंख्यात पॅकिंगच्या प्लास्टिकचा एक तुकडा अडकला होता, नखाएवढा. "एवढ्याशा चिटोऱ्यासाठी तुमचा जीव टांगणीला! बसा अर्धा तास. जरा साफही करून देतो. पावतीवर नाव कुणाचं घालू? ताईंचंच ना?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं आपलं नाव सांगितलं. त्याला ते नीट कळलं नाही, तेव्हा एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं.

भिंतीलगतच्या बाकावर आणखी चारजण आपापले फोन दुरुस्त व्हायची वाट बघत होते. ती त्यांच्या शेवटी टेकली. घड्याळात तीन वाजायला आले होते. चारच्या आत दोन रिपोर्ट सहज होतील, असा तिनं हिशेब केला.

थोड्या वेळानं दुकानदारानं कागद हातात घेऊन मोठ्यानं नाव पुकारलं. बाकावरचं कुणी उठलं नाही. कुणाचं आहे ते बघायला धाकटीनंही मान वळवली. सगळे एकमेकांकडे बघत होते. दुकानदारानं तेच नाव पुन्हा, या वेळी थेट तिच्याकडे बघून घेतलं.

ती उठली.

"माझं आहे," ती म्हणाली.