नुसतं उभं राहायचं काम

आमच्या वर्गात मन लावून अभ्यास करणं म्हणजे एखादं लाजिरवाणं दुखणं होतं. मी पहिल्या बाकावर बसले की मागून हमखास ऐकू यायचं, आल्या प्राचार्यबाई! ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही. मी तिथल्या तिथे सुनवायचे आणि त्यांना तेच हवं असायचं. घरी कुरकुर केली की आई म्हणायची, बाकीचे काय का करेनात, तू आपलं बघ. पण आपलं आपण बघायची सोय आमच्या मोजणीच्या विषयात होती कुठे?

जमिनीचा उंचसखलपणा मोजायला माणसं दोन लागतात. एकाने तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्याने समोर आकड्यांची उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं. कॉलेजच्या पायरीपासून निघायचं, आवाराला फेरी मारायची आणि परत त्याच पायरीवर यायचं. निघतानाची आणि परततानाची उंची जुळली की काम बरोबर. वर्गात सगळ्यांची अगदी छान जुळायची, कारण मोजत कुणीच नसे. कँटीनमध्ये बसून आकडे ठोकून द्यायचे, झालं.

अशात सरांनी सांगितलं, रस्त्याच्या कामावरचे सर्व्हेअर येणार आहेत आणि ज्याचं काम पटेल त्याला सुट्टीत साइटवर नेणार आहेत. मला जायचंच होतं. खराखुरा रस्ता, खरीखुरी मोजणी! नुसत्या विचारानेच मला जेवण सुचेना.

माझ्या गटात दोघं. एक 'उद्या', कारण काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. दुसरा 'निवांत', त्याच्याबद्दल वेगळं काय सांगायचं!

उद्याच्या हातापाया पडून त्याला पट्टी धरायला लावली. फोन वाजला की पट्टी झुकायची, कुणी ओळखीचं दिसलं की पट्टी तिकडे वळायची. फेरी संपली तेव्हा माझ्या हिशेबाने कॉलेजची पायरी गुडघाभर जमिनीत गेली होती. मी त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने पट्टी भिंतीला टेकवली आणि उद्या बघू म्हणून चालता झाला.

माझं अवसानच गळालं. कँटीनमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. म्हटलं, मरू दे, आपणच काय घोडं मारलंय, आपणही द्यावं ठोकून. खोटा आकडा लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात कठड्यावर आडवा पडलेला निवांत डोळेही न उघडता म्हणाला, "नुसतं उभंच राहायचंय ना? मी राहतो."

दुर्बिणीला डोळा लावला आणि मी थक्क झाले. पट्टी जमिनीत रोवल्यासारखी. त्याच्या नाकावर माशी बसली, तरी पठ्ठ्या ढिम्म! हलायचा आळस एवढ्या कामाचा असेल असं कुणाला वाटलं असतं? फेरी पुरी झाली आणि पायरी जिथल्या तिथे होती. मी आनंदाने उड्याच मारल्या.

मग सर्व्हेअर आले. त्यांनी प्रत्येक गटाला डोळ्यांदेखत मोजायला लावलं आणि सगळ्यांची दाणादाण उडाली. कुणाला तिपाई उघडेना, एकाने तर दुर्बिणीला उलट्या बाजूने डोळा लावला. आमची फेरी मात्र पुन्हा जुळली. सर्व्हेअर हसत आमच्या दिशेने निघाले आणि मी दोन पावलं पुढे झाले. ते मला ओलांडून निवांतकडे गेले. दुर्बिणीतून बघणारी माणसं आहेत माझ्याकडे, म्हणाले, पण पट्टी धरणारा असा नाही. येशील का सुट्टीत?

राग काढायचा तर कुणावर काढायचा? त्या बिचाऱ्याने तर मला सावरलं होतं.

निवांतने नुसत्या हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

"ती दुर्बिणीशी असेल तर येतो," तो म्हणाला. "ती खरंच बघते. बाकी कुणासाठी उभं राहायचा मला कंटाळा येतो."

सर्व्हेअर खो खो हसले. म्हणाले, मग दोघंही या. आणि मला, कुणाचं म्हणून ऐकून न घेणाऱ्या मला, भर उन्हात सगळ्या वर्गासमोर रडू फुटलं. इतके दिवस वाटायचं, या वर्गात माझी धडपड कुणाच्या गावीही नाही.

निवांत पट्टी तशीच सरळ धरून उभा होता.

"रड सावकाश," तो म्हणाला, "पण आधी हो म्हण. म्हणजे मला बसता येईल."