बर्फाचा खण

शेवंताबाईच्या अंगात रक्त भरेना, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू तेजस्विनीच्या हातांकडे वळल्या. कारण इंजेक्शन तीच देत होती.

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात टिकाराम आणि शेवंताबाईचं घर सगळ्यांच्या ओळखीचं. टिकाराम मागावर बसायचा, शेवंताबाई कांड्यांवर धागा भरून द्यायची, आणि दोघांनी मिळून विणलेलं कोशाच्या रेशमाचं लुगडं नागपूरचा व्यापारी डोळे झाकून उचलायचा. मुलगा भूपेंद्र काही मागावर बसला नाही. तो वरठीच्या पोलाद कारखान्यात लागला, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करायचा. त्याची बायको तेजस्विनी एकोडीची, धानाच्या घरची. रोवणी म्हणा, निंदण म्हणा, तिच्या हातचा मळ. पण कोशाचा तलम धागा तिच्या बोटांत आला की तुटायचा. "तुह्या हाताले धागा मानत नाई व," असं शेवंताबाई एकदा बोलून गेली होती, आणि तेव्हापासून तेजस्विनी चरख्याजवळ फिरकली नव्हती. सासू-सुनेचं भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं.

मग शेवंताबाईला धाप लागू लागली. चेहरा पांढुरका पडला, पायांवर सूज आली, चरखा फिरवता फिरवता ती भिंतीला टेकून डोळे मिटू लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की किडन्या निकामी होत चालल्या आहेत. मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायची वेळ अजून आलेली नाही, पण रक्त फार कमी झालंय.

"जेवत नाई का ही बरोबर?" टिकारामने विचारलं.

"जेवणाचा प्रश्न नाही काका," डॉक्टर म्हणाले. "रक्त तयार करा, असा निरोप किडनीच शरीराला देते. आता त्यांची किडनी तो निरोप पाठवत नाहीये. म्हणून तो आपण इंजेक्शनातून पाठवायचा. आठवड्यातून दोनदा, कातडीखाली. घरी कुणी शिकून घेईल का?"

भूपेंद्रने खाली पाहिलं. रक्ताचा थेंब पाहिला तरी त्याला भोवळ यायची. मागावर न चुकणारी टिकारामची बोटं सुई हातात घेतली की थरथरायची. उरली तेजस्विनी.

दवाखान्यातल्या मंदा सिस्टरने तिला जवळ बसवून शिकवलं. दंडावरची कातडी चिमटीत कशी धरायची, सुई कशी तिरपी घालायची, औषध हळूहळू कसं सोडायचं. पहिल्यांदा तेजस्विनीने स्वतःच्याच ओठाला दात लावले होते. पण हात हलला नाही. सिस्टर म्हणाली, "छान. आता एक लक्षात ठेव. हे फ्रिजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. आणि बाटली हलवायची नाही."

घरी आल्यावर तेजस्विनीने इंजेक्शनचा डबा फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, "हे थंडच राह्यलं पायजे. माह्याशिवाय कोणी हात नोका लावू." मंदा सिस्टरचं बाकीचं बोलणं तिने स्वतःपुरतं लक्षात ठेवलं. दुसरं कुणी त्या डब्याला हात लावणारच नव्हतं, मग सांगायचं कशाला?

सोमवार आणि शुक्रवार ठरले. सकाळी शेवंताबाई ओसरीत बसायची, लुगड्याचा पदर बाजूला करायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. सुई टोचली की "अं" एवढाच आवाज. तेजस्विनी कापसाने जागा दाबून धरायची. तेवढा वेळ दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ असायच्या, की सासूचा श्वास सुनेच्या मनगटावर लागायचा. तरी बोलणं मात्र "झालं जी" आणि "हूं" याच्या पुढे जायचं नाही.

महिना झाला, दोन झाले. रक्त तपासलं. जिथल्या तिथे. उलट थोडं उतरलेलंच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या बघितल्या, औषधाची मात्रा वाढवली. पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इंजेक्शन नेमाने चाललंय ना? बरोबर जातंय ना?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण तो प्रश्न घरच्यांबरोबर घरी आला.

सिहोऱ्याहून लेक डिंपल आली. आईचा उतरलेला चेहरा पाहून तिचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "वैनी, राग नोको मानू, पन औषध अंगात गेलं तं गुण येनारच ना? बाहेर तं सांडत नसन?"

"नाई सांडत, डिंपलताई."

"मंग काहून असं होऊन राह्यलं?"

तिने भूपेंद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू, एखाद वेळेस सुई खोल जात नसेल." त्याला बायकोची बाजू घ्यायची होती, पण निघालं ते असं. आणि आतून खाटेवरून शेवंताबाईचा थकलेला आवाज आला, "जाऊ द्या व. तिच्या हाताले गुणच नाई."

ते शब्द तेजस्विनीला सुईपेक्षा खोल गेले. ती चुलीपाशी जाऊन बसली, आणि डाळीला फोडणी द्यायची विसरून हाताच्या तळव्यांकडे पाहत राहिली. खरंच चुकत असेल का आपलं? पुढच्या शुक्रवारी सुई टोचण्याआधी पहिल्यांदाच तिने दोनदा जागा बदलली. शेवंताबाईने दंड आखडून घेतला.

डिंपलने ठरवलं, आईला सिहोऱ्याला न्यायचं. तिथे शेजारी नर्सबाई राहते, ती देईल इंजेक्शन. रविवारी ती न्यायला येणार होती.

त्या रविवारी दुपारी नेहमीसारखी लाइन गेली. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारची गेलेली वीज कधी संध्याकाळी यायची. पंखा थांबला, आणि थोड्या वेळाने मागाचा खटखटाटही थांबला. तेजस्विनी परसातून वाळलेले कपडे घेऊन आत आली, आणि दारातच थबकली. सासरा फ्रिजसमोर उभा होता. एका हाताने त्याने वरचा बर्फाचा खण उघडला होता आणि दुसऱ्या हाताने इंजेक्शनचा डबा त्यात सरकवत होता. अगदी जपून, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसा.

"मामाजी, हे काय?"

टिकाराम दचकला. मग त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. चोरी पकडल्याचं नव्हे; आपली हुशारी कुणाला तरी दिसली, याचं.

"तू म्हनली होती ना, थंड राह्यलं पायजे म्हनून? लाइन गेली का फ्रिज गरम होते. पन वरतं बर्फ राहते. म्हनून लाइन गेली का मी याले वरतं ठेवतो. सकारी तू उठाच्या आधी परत खाली ठेवून देतो." त्याने आवाज खाली आणला. "तू कोनी हात लावू नोका म्हनलं, म्हनून कोनाले सांगतलं नाई. एक डावही चुकलो नाई."

तेजस्विनीने डबा हातात घेतला. त्यातली एक बाटली काढून उजेडात धरली. आत पाणी अजून नितळच होतं. पण वीज येणार, खण पुन्हा गारठणार, रात्रभरात बाटलीचा खडा होणार, आणि सकाळी मधल्या फळीवर वितळून ती पुन्हा नितळ दिसणार. अशा किती रात्री गेल्या असतील? बाहेरून पाहून ओळखणार तरी कोण?

तिच्या मनात आधी आलं ते हेच, की माझा हात चुकत नव्हता. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. आणि लगेच सासऱ्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू दिसलं. बायको खाटेला लागल्यापासून या माणसाला काहीच करता आलं नव्हतं. हे एवढंच त्याचं होतं. आणि 'थंड ठेवा' म्हणताना 'गोठवू नका' हे दोन शब्द तिनेच गिळले होते.

"राहू द्या मामाजी, मी पाहतो," एवढंच म्हणून ती परसात गेली आणि तिने मंदा सिस्टरला फोन लावला.

"अगं, गोठलं की संपलं ते!" सिस्टर पलीकडून म्हणाली. "मग पुन्हा पातळ झालं तरी उपयोग नाही. साधं पाणीच टोचलं समज. सगळं फेकून दे, नवीन आण. बिघाड कळला हे बरंच झालं. डॉक्टर औषध बदलायच्या बेतात होते."

फोन ठेवून ती वळली, तर दारात टिकाराम उभा. त्याने किती ऐकलं हे तिला विचारावं लागलं नाही. दाराची चौकट त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"मामाजी, कोनाले काही सांगाचं नाई," तेजस्विनी घाईने म्हणाली. "फ्रिज बिघडला होता म्हनू. मी सांगतो तसं."



थोड्या वेळाने डिंपल आली. तिने आईची लुगडी पिशवीत भरायला घेतली. शेवंताबाई ओसरीत येऊन बसली होती, भूपेंद्र मोटारसायकल पुसत होता. तेजस्विनीने धीर करून तोंड उघडलं, "डिंपलताई, सिस्टरचा फोन झाला. आपला फ्रिज..."

"फ्रिजले काही नाई झालं," टिकाराम म्हणाला. तो मागाजवळून उठून आला होता. "फ्रिज चांगला हाय. मी बर्फात ठेवत होतो औषध. लाइन गेली का. गोठलं का ते मरते म्हनते. मले ठाऊक नोयतं." त्याने डिंपलकडे पाहिलं, मग भूपेंद्रकडे. शेवंताबाईकडे त्याला पाहवेना. "हिचा हात चांगला हाय. मीच खराब केलं."

डिंपलच्या हातातलं लुगडं अर्धं पिशवीत, अर्धं बाहेर तसंच राहिलं.

शेवंताबाई नवऱ्याकडे पाहत होती. मग तिचे खांदे हलू लागले. भूपेंद्रला वाटलं ती रडते आहे, म्हणून तो धावला. पण ती हसत होती. धाप लागत होती, तरी हसत होती.

"म्हंजे इतके दिवस ही पोरगी मले बर्फाचं पानी टोचून राह्यली होती? आन मी आपली दंड पुढं करून राह्यली होती!" तिने पदराने डोळे पुसले. "अवो, मी तापानं फनफनली होती तवा तुमी डोक्याशी बसून रातभर पट्ट्या बदलल्या होत्या. थंडं केलं का सारं बरं होते, असंच तुमाले वाटते."

टिकाराम खाली बसला. शेवंताबाईने डिंपलला हात केला. "ठेव ते लुगडे परत. मी नाई येत सिहोऱ्याले." मग ती तेजस्विनीकडे वळली. "मी... तुले कायबी बोलली व त्या दिशी."

"जाऊ द्या जी, आत्या."

"काहून जाऊ द्या? बोलली ते बोलली. चुकलं माहं."

डिंपलने तोवर वहिनीचा हात धरला होता. तो तिने बराच वेळ सोडला नाही.

नवीन इंजेक्शनं आली. पण टिकाराम फ्रिजच्या बाजूलाही जाईना. पाणी प्यायचं तरी माठातलं. जेवणावरची वासनाही उडाली होती. मागावर बसायचा, पण धोटा हातात धरून नुसताच. तेजस्विनीने दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, लाइन तं जातच राहनार. चौकातल्या देवाजीच्या मेडिकलमंधी इन्व्हर्टर हाय. औषध तिथंच ठेवू. ज्या दिवशी द्याचं त्या दिवशी सकारी तुमी घेऊन याल का?"

"मी?" टिकारामने वर पाहिलं. "मी नोको. भूपेंद्रले सांग."

"त्याची ड्यूटी राहते. आन तुमच्याइतकं जपून कोनी आननार नाई." मग तिने त्याला सगळं सांगितलं, जे तिला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. थंड किती, गोठणं म्हणजे काय, बाटली का हलवायची नाही, बर्फाच्या पिशवीला ती थेट का टेकवायची नाही. टिकारामने एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली.

त्या सोमवारी तो देवाजीच्या दुकानापुढे ते उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. देवाजीने फ्रिज उघडताच टिकाराम म्हणाला, "थांब, मले पाहू दे, बर्फाले तं नाई लागली?" बाटली दुपट्ट्यात गुंडाळून तो असा हळूहळू चालत आला, की रस्त्यात दोघांनी विचारलं, पाय दुखतो का म्हणून. पुढे पुढे तो लांबून येताना दिसला की देवाजी हसायचा. पण फ्रिजमध्ये त्या डब्याची जागा देवाजीने कधी बदलली नाही.

औषधाला वेळ लागला. पहिल्या तपासणीत रक्त थोडंच वर सरकलं, दुसऱ्या खेपेला चांगलं वाढलं. डॉक्टर म्हणाले, "आता कसं! पण ऐका, याने किडनी सुधारत नाही. ती जपायचीच आहे. पुढे कधीतरी मशीनचीही वेळ येईल. रक्त मात्र आता साथ देईल." शेवंताबाईने मान डोलावली. मशीनचं पुढे पाहू, असं ती म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरली.

दिवाळीच्या तोंडावर ती तेजस्विनीला घेऊन आठवडी बाजारात गेली. वांग्यांच्या ढिगापुढे बसून तिने माळणीशी अशी घासाघीस केली, की शेजारची कोथिंबीरवाली पाहत राहिली. तिथेच मालनबाई भेटली, पूर्वी त्यांच्या शेजारी राहणारी.

"काय व शेवंता, खाटेवर होती म्हने? तोंडावर तं टवटवी दिसून राह्यली!"

"इंजेक्शन चालू हाय."

"दवाखान्यात जा लागते?"

"नाई. सून देते घरीच." शेवंताबाईने पिशवीत वांगी टाकता टाकता सुनेकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं. "हात जड हाय जरासा. पन गुण येते."

आणि तेजस्विनीच्या हातात पिशवी देऊन ती कांद्यांच्या ओळीकडे एवढ्या झपाट्याने निघाली, की सुनेला तिच्यामागे अक्षरशः पळावं लागलं.