पाठीतली सुई

सामना सुरू व्हायला अजून वेळ होता आणि सात वर्षांचा आदर्श कॉटवर उभा राहून बोंबलत होता, "गोल! गोल! घातला रे घातला!"

शिवाजी पेठेतल्या त्या एवढ्याशा खोलीत फायनलला निघालेली माणसं दाटीवाटीनं उभी होती. अंगात तालमीच्या फुटबॉल संघाचे टी-शर्ट, कपाळाला पट्ट्या. सगळी खदाखदा हसली. एकानं मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. फ्लूच्या तापानं आडवं पडलेलं पोरगं. सकाळी ताप उतरला आणि दुपारी हे असं. त्याचा बाप विजयसिंह छाती फुगवून म्हणाला, "रक्तातच फुटबॉल हाय गा त्येच्या. ताप गेला खड्ड्यात!"

आई संयोगिता भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातांनीच पोराचं तोंड आपल्याकडं वळवलं. "आदू, इकडं बघ. मी कोण?"

पोरगं तिच्याकडं बघतच नव्हतं. तिच्या खांद्यावरनं भिंतीकडं बघून कुणाला तरी शिव्या देत होतं. मग त्यानं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"वैनी, रेड कार्ड दावा त्येला!"

परत हशा, तालमीतले थोरले पिराजीमामाही त्यात. या पेठेत फुटबॉलपायी माणूस कितीही खुळ्यागत वागला तरी त्याचं कौतुकच होतं. मोठ्यांचं होतं, तसं आजारी पोराचंही झालं. डोक्यात जाळ पेटलेलं पोर समोर उभं होतं आणि हे टाळ्या वाजवत होते.

"ह्यो खेळ न्हाय," संयोगिता म्हणाली. "पोरगं मला वळखंना झालंय. दवाखान्यात चला."

"अगं, मॅच झाली की—"

विजयसिंहाचं वाक्य तोंडातच राहिलं. आदर्श ताठ झाला, कॉटवर आडवा पडला. डोळे पांढरे, दात आवळलेले, हातपाय झटके देतायत. शेजारची शालूबाई हुंगवायला कांदा फोडून धावत आली.

"कांदा फेक त्यो! रिक्षा आण!" संयोगिता किंचाळली.

रस्त्यावर तर जत्रा. पिपाण्या, झेंडे, सायलेन्सर काढलेल्या गाड्या. रिक्षा दिसली की पोरं टपावर थापा मारून नाचायची. संयोगितानं बाहेर डोकं काढून अशा शिव्या घातल्या की पुढची दोन टोळकी आपोआप बाजूला झाली. शेवटी विजयसिंह खाली उतरला आणि रिक्षाच्या पुढं पळत सुटला. "पोरगं हाय आत! सरका! सरका रं!" जन्मभर मैदानाबाहेर उभं राहून कमावलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला. गर्दी फाटली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर निशिगंधानं झटके थांबवायचं औषध दिलं, पोराला आत नेलं, डोक्याचा स्कॅन केला. मग बाहेर येऊन सरळ सांगितलं, "फ्लूनंतर एखाद्या मुलाच्या मेंदूवर असा परिणाम होतो. मेंदूला सूज आहे. बेशुद्ध आहे तो. औषधं आम्ही सुरू केलीत. पण आत जंतू आहेत की नाहीत, हे बघायला पाठीच्या कण्यात सुई घालून थोडं पाणी काढावं लागेल. स्कॅन बघितलाय, सुई घालायला हरकत नाही. तुमची परवानगी पाहिजे."

विजयसिंहाचा चेहरा पडला. "थांबा मॅडम. तालमीत इचारतो."

"कुठं?"

खरंच त्यानं फोन लावला. या पेठेत लग्न ठरवायचं, जागा घ्यायची, तालमीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. आता पोराच्या पाठीचा निकालही तिथंच लागणार होता.

तालीम आली. सगळीच्या सगळी आली. फायनल जिंकली होती. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, एकाच्या काखेत कप. बाहेर उभं राहून सगळे एकदम बोलायला लागले. रक्त देतो म्हणणारे, मुंबईला हलवू म्हणणारे, गारगोटी गावच्या वैद्याचा नंबर शोधणारे. मनानं सोन्यासारखी माणसं, पण अक्कल सगळ्यांत मिळून एकच, आणि ती पिराजीमामाकडं ठेवायला दिलेली.

पिराजीमामा म्हणाले, "सुई न्हाय. माझ्या मेव्हण्याच्या पोराला घातलीती. लुळं पडलं. जलमभर."

"ते आजारानं लुळं पडलं आसंल," संयोगिता म्हणाली.

"तुला काय कळतंय? गप बस."

"गप? दुपारी त्येनं मला चावा घेतला तवा तुमी हसलासा, मामा. तुमाला कळत हुतं तर तवाच का न्हाय कळलं?"

विजयसिंहानं तिचा दंड धरला. "संयू, पाय गेला तर? पोरगं खेळणार कसं?"

"खेळणार?" तिनं हात हिसडला. "ते मरायला लागलंय अवो! मेलेल्याला पाय असून काय करायचं हाय?" आणि ती डॉक्टरकडं वळली. "मॅडम, मी आई हाय. मी सही करतो. घाला सुई."

सुई घातली. पाण्यात जंतू निघाले नाहीत. आता फक्त सुजेशी झुंज होती. औषधं वाढवली, श्वासाला मशीन लावलं. संयोगिता आयसीयूच्या दारातनं हलली नाही. तालमीची पोरं पाळीपाळीनं खाली बसून राहिली, डबे आणत राहिली, पण तिच्याशी कुणी बोललं नाही.

आणि मशीन निघालं! आदर्शनं डोळे उघडले, नर्सचा हात झटकला, घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. विजयसिंह जिन्यावरनं ओरडत खाली गेला. खालनं असा गलका उठला की वॉचमन धावला.

डावा पाय मात्र उचलत नव्हता.

पिराजीमामा केळी घेऊन आले. पाय बघितला, केळी ठेवली. "सांगितलंतं की. सुईनं केलं."

"मेंदूच्या सुजेनं झालंय," डॉक्टर निशिगंधा म्हणाली. "व्यायामानं सुधारेल. पूर्ण सुधारेल, असा शब्द मात्र देत नाही."

मामांनी मान हलवली. त्यांचं ठरलेलं होतं.

"म्हणा मामा," संयोगिता म्हणाली. "सुईनं गेला म्हणा, माझ्यामुळं गेला म्हणा. पेठभर म्हणा. पोरगं जित्तं हाय म्हणून तुमाला म्हणायला गावतंय."

तिनं आदर्शला काखेत धरून उभं केलं. डावा पाय फरशीवर घसटला. दुसऱ्या बाजूनं, मामांकडं न बघता, विजयसिंहानं हात दिला.

"आई, नीट धर की!" पोरगं खेकसलं. "पाडतीस का?"

संयोगिता हसली. अशी मोठ्यांदा हसली की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्सनं ओठांवर बोट ठेवलं.

"न्हाय गप बसत," संयोगिता म्हणाली. "टाक रे पाय!"