मातीवरची साय

सोमवारी सकाळी साडेनऊला अस्मितानं प्रयोगशाळेतलं थंड कपाट उघडलं, काचेची बशी हातात घेतली आणि विचारलं, "ही राखाडी कशी झाली?"

मित्रांनो, त्या बशीत मी होते. मी लडाखच्या पठारावरची मातीची जुनी साय आहे. दुधावर धरते तशी मी उघड्या मातीवर धरते. पण नखाएवढी जाडी यायला मला कित्येक दशकं लागतात. माझ्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. तुम्ही श्वासाबरोबर घेता आणि तसाच सोडून देता, तो नायट्रोजन ते हवेतून पकडून मातीला देतात. त्यावर गवत उगवतं, गवतावर याक जगतो. एवढं थोरलं जनावर माझ्या एवढ्याशा बिऱ्हाडावर उभं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

वर्षातला बराच काळ मी कोरडी, काळी, झोपलेली असते. बर्फ वितळला की ओल काही दिवस टिकते. तेवढ्यात जागं व्हायचं, उन्हात अन्नाचा साठा करायचा, पुन्हा झोपायचं. अस्मितानं मला जिथून पुण्यात आणलं, तिथून आता रस्ता गेला आहे. त्या जागेची मीच काय ती उरले.

गेला महिनाभर अस्मिता पुन्हा लडाखला गेली होती, तेव्हा माझी जबाबदारी सहकारी सलिल यांच्यावर होती.

"रोज जरा पाणी मारत होतो," ते म्हणाले. "कोरडी पडली होती. नारायण पेठेतली माझी बाल्कनी अशीच जगते."

"बाल्कनी जगत असेल. ही कोरडीच झोपते हो. तुम्ही हिला रोज उठवलंत आणि दोन घास पोटात जायच्या आत परत झोपवलंत."

खरं होतं. थेंब पडताच माझे जिवाणू जागे होतात आणि जागं होण्यातच साठा खर्चतात. नवं कमवायच्या आत ओल उडाली, की नुसता खर्चच उरतो, आणि काळी मी मरणाला टेकून राखाडी पडते.

अस्मितानं बशी उजेडाकडे धरली. "या खेपेला तिकडेही हेच पाहिलं. बर्फ कमी, आणि मधूनच अशी पावसाची भुरभुर."

सलिल यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी हवामानच झालो की."



त्यांनी माझी काळजीच घेतली होती. मित्रांनो, काळजी जरूर घ्या. पण समोरच्याची तहान किती, ते आधी विचारा.

मंगळवारी मला पोटभर पाणी मिळालं. मग मला बाटलीत बंद करून आत एक वायू सोडला. जिवाणू जिवंत असतील तर ते त्याचं इथिलीन करतात. इथिलीन म्हणजे केळी पिकवतो तोच वायू. काल संध्याकाळी यंत्रावर इथिलीनची खूण उमटली, फार बारीक. ती माझी, की रिकाम्या बाटलीतही तेवढीच येते, हे ताडून पाहायला आज तोच वायू भरून, पण माझ्याविना, दुसरी बाटली लावली आहे. तिचा आकडा अजून आलेला नाही.