पानवाली

मंचावर सोळा व्हायोलिनं होती आणि आठ स्टँड. दोघांत एक स्टँड, आणि पान उलटायचं काम नेहमी आतल्या खुर्चीवरच्याचं. पान संपत आलं की त्याने वाजवणं थांबवायचं, पान उलटायचं आणि पुन्हा सुरात शिरायचं. बाहेरच्या, श्रोत्यांकडच्या खुर्चीवरच्याने थांबायचं नाही.

ती बावीस वर्षं आतल्या खुर्चीवर होती. वाद्यवृंदात तिला सगळे पानवाली म्हणत. नवराही फोनवर विचारायचा, "काय पानवाली, दुकान कधी बंद करताय?" पानाची शेवटची ओळ तिने घरी हजारदा वाजवली होती, मंचावर कधीच नाही. आता पहिल्या स्टँडवर बाहेर बसणारे दादा निवृत्त झाले होते आणि आजच्यापुरती ती बाहेर बसली होती. कार्यक्रम नीट पार पडला, तर खुर्ची कायमची तिची.

"ताई, मी जरा आधीच उलटू का?" शेजारची नवी मुलगी कुजबुजली.

"अजिबात नाही. त्या शेवटच्या ओळीसाठीच तर इकडे आलेय मी."

पाच पानं सुरळीत गेली. प्रत्येक शेवटची ओळ ती अंमळ जोरातच वाजवत होती. सहाव्या पानावर बाकीची वाद्यं गप्प झाली, फक्त व्हायोलिनं उरली आणि लय चढली. विचाराला सवड राहिली नाही. तिचा हात आपसूक पुढे गेला. मुलीचाही गेला. कोपऱ्यावर दोघींची बोटं एकमेकींवर आपटली. पान उलटलं, पण ती ओळ पहिल्या स्टँडवर कोणीच वाजवली नाही.

"तुम्ही कशाला हात घातलात, ताई?" मंचामागे आल्यावर मुलगी रडकुंडीला आली.

"मी कुठे घातला? गेला तो."

वाद्यवृंदाचे संचालक आले. "दुकानात आज फार गर्दी होती वाटतं?"

"चुकलं, सर."

"पाहिलं मी. पण लोक ऐकायला येतात. ध्वनिमुद्रण लावू. भोक ऐकू आलं तर तुम्ही परत आत. नाही आलं तर बाहेर."

ध्वनिमुद्रकाच्या खोलीत तिघं उभी राहिली. तिने डोळे मिटले. ती जागा आली आणि गेली.

"कुठे होतं?" संचालकांनी विचारलं.

"झालं की, सर," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"परत लाव रे."

तीनदा लावलं.

"मला काही ऐकू आलं नाही," संचालक म्हणाले. "अभिनंदन. खुर्ची तुमची."

मुलीने तिला मिठीच मारली. ती मात्र ध्वनिमुद्रकाकडे वळली. "तुमच्या यंत्रात तरी काही दिसतंय का हो?"

"बघतो ना."

तीच ओळ दुसऱ्या पानाच्या शेवटीही होती; तिथेही फक्त व्हायोलिनंच होती, पण बाहेरचे आठही जण वाजवत होते. त्याने दोन्ही तुकडे शेजारी लावले आणि मोजले. फरक अर्ध्या डेसिबलचा निघाला, कानाला कळूही नये इतका.