तीन नंबरची बाटली

मी संघाची पेटी बोलतेय. हसू नका. पेटीनं बोलायचं ते कशाला, असं मलाही वाटायचं, आणि गप्प राहण्यात मी कुणाला हार गेले नसते. पण ज्यांना तोंड आहे ते मिठाची गुळणी धरून बसले, म्हणून ही वेळ आली.

माझा जन्म लष्करी. लढाई संपल्यावर देहूरोडच्या डेपोतून रिकामी खोकी लिलावात निघाली, त्यातलं मी एक. उद्धवराव मास्तरांनी मला घेतलं, सुताराकडून आत कप्पे करवले, पितळी कडी बसवली आणि वर पांढऱ्या रंगात लिहिलं : ‘मावळ-खेड संग्रहालय सहायक संघ, १९५२’. खोक्याची पेटी झाले! काय तो माझा तोरा!

संघ म्हणजे काय, तर मास्तर, चाकणचे एक वकील आणि आणखी पाचसहा हौशी मंडळी. पिंपरीच्या माळावर कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या, घरं हलत होती, आणि हलवाहलवीत लोक आजा-पणजाच्या पगड्या, अंगरखे, निशाणं उकिरड्यावर टाकत होते. ते गोळा करून चिंचवड, चाकण, तळेगाव आणि खेड अशा चार ठिकाणी एकेका खोलीत लहानशी संग्रहालयं थाटली होती. त्यांना सामान पुरवायचं, राखणदारांना काम शिकवायचं, अडीअडचणीला त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, हे संघाचं काम. सामान माझ्या पोटातून जायचं. कधी आगगाडीनं, कधी एस.टी.च्या टपावरून, महिन्याला एक फेरी, आणि फेरी संपली की मुक्काम चिंचवडच्या खोलीत.

संघाची एक शिस्त होती. वस्तूवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. त्याला कारण होतं. एका पगडीवर घराण्याचं नाव लिहिलं, तर त्या घराण्याच्या दोन शाखा काठ्या घेऊन चिंचवडच्या खोलीत आल्या होत्या. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. नावं सगळी त्यांच्या कपाटातल्या वहीत, बाहेर नुसते आकडे. आणि मास्तरांना एकदा शिस्त लागली की ती सगळीकडे लागायची. माझ्यातल्या बाटल्यांनाही त्यांनी नंबरच दिले. एक नंबर टर्पेंटाइन, दोन नंबर कापूर. तीन नंबर पांढरी भुकटी.

ती भुकटी म्हणजे सोमल. पुण्याच्या दुकानात मास्तरांनी सही करून घेतला, तेव्हा मी शेजारीच होते. दुकानदार म्हणाला, “मास्तर, सांभाळून. चिमूटभरानं बैल आडवा होतो.” मास्तर म्हणाले, “मला कल्पना आहे हो. कसरीचे किडे लागलेत कापडांना, दुसरा इलाज नाही.” चाकणला राखणदारांचा वर्ग घेऊन त्यांनी सगळं नीट समजावलंही. हात कापडानं बांधा, नाक झाका, नंतर साबणानं धुवा. चिंचवडचा राखणदार सोनबा तेवढा त्या वर्गाला नव्हता. चिंचवडच्या खोलीचं छप्पर गळत होतं आणि पगड्या भिजतील म्हणून हा माणूस परातीनं पाणी उपसत बसला होता. पुढं त्यानं खेडच्या राखणदाराला विचारलं, तो म्हणाला, “तीन नंबर कसरीला.” झालं शिक्षण.

सोनबा आधी रेल्वेच्या गँगमध्ये होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे सुरेख काढायचा. मी आले की म्हणायचा, “आलीस का बाई? दमली आसशील.” मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. दर शनिवारी तो कपडे उन्हात झटकायचा, घड्यांमध्ये बोटांनी भुकटी घालायचा, मग शाईनं आकडा काढलेली डिंकाची चिठ्ठी जिभेवर ओली करून चिकटवायचा. पाणी लावलं तर शाई पसरते, म्हणून जीभ. मग त्याच तळव्यावर तंबाखू मळायचा. मी बघत होते. प्रत्येक शनिवारी बघत होते! झाकण आपटता आलं असतं तर त्याची बोटं ठेचली असती मी, पण थांबवलं असतं.

तिसऱ्या वर्षी त्याचे तळवे जाड झाले. अंगावर काळे-पांढरे ठिपके उठले. अन्न पोटात ठरेना. त्याची बायको गोजाबाई दुपारी भाकरी घेऊन यायची, ती एकदा त्याचा हात धरून म्हणाली, “अवं, ह्ये काय झालंय? पायाला चटका बसला तरी कळत न्हाई तुमास्नी.”

“वय झालं आता.”

“पन्नाशीत कसलं वय? मेल्या मान्सांच्या कापडांना हात लावताय रोज. सोडा ही नोकरी.”

“आगं, गँगमधी मला कुनी नावानं हाक मारत नव्हतं. हितं मास्तर ‘सोनबाराव’ म्हंत्यात.”

मग गावात एक शब्द फिरला. महारोग. डाग आहेत, बधिरपणा आहे, आणखी काय पाहिजे? लोकांना कुणाला वाळीत टाकायचं म्हटलं की वैद्यकी आपोआप येते. संग्रहालयात चिटपाखरू फिरकेना. चहावाला त्याचा कप वेगळा ठेवू लागला. गोजाबाईला नळावर शेवटी उभं करू लागले, आणि तिची पाळी आली की पाणी गेलेलं असायचं.

ही कुणकुण मास्तरांच्या कानावर गेली, तेव्हा ते स्वतः आले. धीर द्यायला आले होते, खोटं कशाला बोलू. सोनबा त्यांच्यासमोर पगडीला चिठ्ठी लावत होता. त्यानं ती जिभेवर फिरवली. मास्तर बघतच राहिले.

“सोनबाराव, रोज असंच लावता?”

“व्हय की. पान्यानं नंबर फिसकटतो.”

“आणि तीन नंबर? कशानं टाकता?”

सोनबानं हसून दहाही बोटं पुढं केली. मास्तरांनी त्या तळव्यांकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्या क्षणी सगळं कळलं. मला वाटलं, सुटलो आता. बोलतील.

ते खाली वाकले, माझं झाकण उघडलं, तीन नंबरची बाटली रुमालात गुंडाळून खिशात घातली. म्हणाले, “आता याची गरज नाही. कसर कमी झालीये.” बस्स, एवढंच. संघाचं नाव, त्यांची सही, त्यांचा नंबर. काय काय आडवं आलं असेल देव जाणे. पण डॉक्टरापुढंही त्यांनी ब्र काढला नाही, आणि डॉक्टरानं डाग बघून लोकांचाच शब्द कागदावर लिहिला.

सोनबा आषाढात गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. मास्तरांनी दिला, ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

पुढच्या बैठकीत संघानं ठराव केला : सोनबाच्या पत्नीला त्याच जागी नेमावं. मास्तरांनीच मांडला. त्या खोलीत पाऊल टाकायला दुसरं कुणी तयारही नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, संघ आपल्या माणसाला कसा वाऱ्यावर सोडत नाही यावर वकील दोन शब्द बोलले.

बाटली गेली, पण चार वर्षांची भुकटी कुठं जाणार? ती पगड्यांच्या घड्यांत आहे, निशाणांच्या शिवणींत आहे, माझ्या फळ्यांच्या फटींत आहे. महिनाभरापूर्वी मास्तरांनी माझ्या फेऱ्या बंद करून मला इथंच ठेवून दिलं. बहुधा माझ्याकडे बघवत नसावं. तेव्हापासून मी गोजाबाईला बघतेय. नवऱ्याचं काम तिनं मनावर घेतलंय. एकेक अंगरखा मांडीवर घेऊन ती तळहातानं पुसते, त्याच्या राहिलेल्या चिठ्ठ्या एकेक करून लावते, तशाच, जिभेवर ओल्या करून. रात्री घरी जाताना कुणी समोरून आलं तर ती पदर ओढून कडेला होते. आपणहून. आपल्यालाही तो रोग झालाच असणार, असं तिनं धरून टाकलंय.

मला तिच्याशी बोलता येत नाही. तुमच्याशी बोलतेय. तुम्ही कधी चिंचवड स्टेशनवर उतरलात, तर गावठाणात वाचनालयामागची ही खोली विचारा. लोक लांबूनच बोट दाखवतील, त्यांचं ऐकू नका. आत या. तिच्या हातातली पगडी काढून घ्या, तिच्यासमोर बसा, आणि म्हणा, “मावशी, तुमच्या मालकांना महारोग नव्हता.” हे आधी सांगा. मग तिला हात धुवायला पाणी द्या.