मिस्त्रींनी दाढेला पाणी मारलं

मिस्त्रींची खालची दाढ मंगळवारी सकाळी काढली. शनिवारी एका घराचा स्लॅब टाकायचा होता, आणि मिस्त्री जागेवर नसले तर त्यावर त्यांचा मेहुणा उभा राहणार होता. मेहुण्याने बांधलेला एक जिना लोक अजून भिंत धरून चढत.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कापूस चावून धरायला दिला आणि बजावलं, की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसेल, तिला बोट लावायचं नाही, जीभ लावायची नाही, आज चूळसुद्धा भरायची नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. तीस वर्षं खड्डे बुजवणाऱ्याला खड्ड्याचं कुणी काय सांगावं? भराव टाकला की पाणी मारायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच वेळा खळखळून चुळा भरल्या. बायकोने टोकलं, तर डॉक्टरांना दातातलं कळतं, भरावातलं नाही, असा निकाल देऊन मोकळे झाले.

शुक्रवारी सकाळी ठणका कानापर्यंत पोचला. मेहुणा विचारपूस करायला आला, तो उद्याच्या स्लॅबसाठी लेव्हलची नळी मागून घेऊनच गेला. मिस्त्रींनी तडक दवाखाना गाठला.

गेल्या वर्षी या दवाखान्याचा गिलावा त्यांनीच केला होता, आणि दुसऱ्याच दिवशी खिळा ठोकला म्हणून डॉक्टरीणबाईंना कंपाउंडरदेखत झापलंही होतं. बाईंनी तोंडात डोकावून पाहिलं.

"गुठळी वाहून गेलीय. आतलं हाड उघडं पडलंय. चुळा भरल्यात ना?"

मिस्त्रींनी पाच बोटं दाखवली.

"ओल्या कामाला हात लावू नये, हे मला कोणी शिकवलं होतं, मिस्त्री?"

बाईंनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली. तासाभरात ठणका ओसरला. हिरडी महिन्याभरात मिटेल, त्या म्हणाल्या, आत हाड भरायला मात्र चारेक महिने.

"स्लॅबला अठ्ठावीस दिवस पुरतात," मिस्त्री पुटपुटले.

"तुमचा स्लॅब आपला आपण वाढत नाही."

हे मात्र त्यांना पटलं.

शनिवारी मिस्त्री स्लॅबवर हजर होते, तोंड मिटून. शिव्या हातवाऱ्यांनी दिल्या. मेहुण्याला सगळ्या बरोब्बर समजल्या. रविवारी सकाळी घरमालक नव्या स्लॅबवर पाय टाकणार, तोच मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून थांबवलं, आ वासला आणि आतल्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

मालकाला काही कळलं नाही. पण पाय त्याने मागे घेतला.